गोव्यात ‘ट्रेनिंग’मध्ये करिअर करायचे आहे? आधी काम कुठे अडते ते शोधायला शिका

वेर्ण्याची औषध कंपनी असो, कांदोळीचे हॉटेल असो की कुंडईचा सुट्या भागांचा कारखाना, प्रशिक्षण विभागात नव्याने लागलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात एक वाक्य ऐकू येते: “आमच्या माणसांना जरा ट्रेनिंग द्या.” कोणत्या माणसांना, कशाचे, आणि त्यानंतर नेमके काय बदलायला हवे, हे सांगणारा क्वचितच भेटतो. ही मागणी जशीच्या तशी उचलणारा माणूस दोन वर्षांत हॉल बुक करणारा आणि हजेरीपटावर सह्या घेणारा होऊन बसतो. जो आधी विचारतो, “काम नेमके कुठे अडते आहे, मला दाखवाल का?”, त्याला पुढे कारखान्याचा व्यवस्थापक स्वतःहून बोलावतो. हा लेख या दुसऱ्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

काम कुठे मिळते

गोव्यात या कामाला एकच नाव नाही. औषध कंपन्यांत ‘ट्रेनिंग कोऑर्डिनेटर’ बहुधा क्वालिटी अॅश्युरन्स म्हणजे गुणवत्तेची हमी पाहणाऱ्या विभागात बसतो. मोठ्या हॉटेलांत एक ट्रेनिंग किंवा लर्निंग मॅनेजर असतो आणि हाउसकीपिंग, किचन, फ्रंट ऑफिस अशा प्रत्येक विभागात आपले काम सांभाळून शिकवणारा विभागीय प्रशिक्षक असतो. मध्यम कारखान्यांत एचआरमधला एकच माणूस भरती, कॅन्टीन, बस आणि प्रशिक्षण सगळे पाहतो. तिथे सुधारणेचे खरे काम बऱ्याचदा उत्पादन विभागातल्या कायझेनच्या, म्हणजे छोट्या-छोट्या सुधारणा सतत करत राहणाऱ्या, गटाकडे असते. अर्ज करताना पदाच्या नावावर जाऊ नका. त्या माणसाचा वरिष्ठ कोण आहे आणि त्याला उत्पादनाचे, तक्रारींचे, नाकारलेल्या मालाचे आकडे पाहायला मिळतात का, हे विचारा. आकडे मिळत नसतील, तर त्या जागी कामगिरी सुधारणे कठीण असते.

सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी जुने गोवे येथील एला भागात गोवा लोकप्रशासन व ग्रामीण विकास संस्था म्हणजे जिपार्ड आहे. वास्कोची गोवा शिपयार्ड आणि मोपाचा विमानतळ इथे तांत्रिक व सुरक्षा प्रशिक्षणाला मोठे स्थान आहे.

शिक्षणाआधी अनुभवाचे बोलू, कारण तोच जास्त अडतो. पर्वरीच्या हॉटेल व्यवस्थापन संस्थेतून बाहेर पडलेल्याने आधी दोन वर्षे हाउसकीपिंग किंवा फूड अँड बेव्हरेजमध्ये घालवावीत. बी.फार्म. किंवा बी.एस्सी. झालेल्याने उत्पादन वा क्वालिटीत, आयटीआय किंवा पॉलिटेक्निकवाल्याने मशीनवर. साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमधून किंवा गोवा विद्यापीठातून एमबीए करून थेट एचआरमध्ये आलेल्यांनी रुजू होतानाच तीन महिने मजल्यावर, म्हणजे प्रत्यक्ष काम चालते तिथे, काम करायची मुभा मागून घ्यावी. ज्याने कधी रात्रपाळी केलेली नाही, त्याचे म्हणणे रात्रपाळीवाले ऐकून घेतात, पण मानत नाहीत.

पहिले तीन महिने: एक काम, तिन्ही पाळ्या

सगळा कारखाना एकदम समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका. एकच काम निवडा: ब्लिस्टर पॅकिंगची (गोळ्यांची पाकिटे भरण्याची) एक लाइन, खोल्यांची सफाई, किंवा एक असेंब्ली स्टेशन. परवानगी घेऊन ते स्वतः करून पाहा. मग तेच काम पहिल्या, दुसऱ्या आणि रात्रीच्या पाळीत पाहा. रात्री स्टोअर बंद असते, क्वालिटीचा एकच माणूस असतो, मेंटेनन्सवाला दोन इमारती सांभाळतो. दिवसा दहा मिनिटांत सुटणारी अडचण रात्री दीड तास खाते, आणि हे कोणत्याही अहवालात दिसत नाही.

वहीत चार रकाने आखा: वेळ, माणूस काय करत होता, कशासाठी थांबला, कोणाला विचारले. मत लिहू नका, दिसले तेवढेच लिहा. “आळशी आहे” असे लिहिलेल्या ओळीचा पुढे काही उपयोग होत नाही. “१०.४० ते १०.५५ लेबलांच्या रोलची वाट पाहिली” या ओळीचा होतो.

दुसरे काम म्हणजे सर्वांत चांगला माणूस शोधणे. थॉमस गिल्बर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये यासाठी एक साधे माप मांडले: सर्वोत्तम माणसाच्या कामगिरीला सरासरी कामगिरीने भागा. समजा, एका पाळीत सर्वोत्तम कामगार १,२०० खोके भरतो आणि सरासरी ८०० आहे, तर गुणोत्तर १.५ येते. आकडा १ च्या जवळ असेल तर सगळे जवळपास सारखेच काम करतात. मग सुधारणा माणसांत शोधण्यापेक्षा मशीनमध्ये आणि पद्धतीत शोधावी. गुणोत्तर मोठे असेल, तर तो सर्वोत्तम माणूस वेगळे काय करतो ते बारकाईने पाहा. बहुतेक वेळा त्याला स्वतःला ते सांगता येत नाही. तो खोके आधीच उघडून उजव्या हाताला रचून ठेवतो, एवढाच फरक असू शकतो. आणि हो, त्याला सर्वांत चांगले मशीन तर मिळालेले नाही ना, हे आधी तपासा.

तपासाचे सहा प्रश्न

गिल्बर्टच्याच सहा खणांच्या तक्त्यावरून हे प्रश्न येतात. पहिले तीन कामाच्या ठिकाणाबद्दल आहेत, पुढचे तीन माणसाबद्दल. क्रम बदलू नका. पहिल्या तिघांची दुरुस्ती सहसा स्वस्त असते आणि तिचा फायदा सगळ्यांना मिळतो.

१. नेमके काय आणि किती चांगले करायचे, हे त्याला माहीत आहे का? आणि आपण केलेले बरोबर होते की चूक, हे त्याला कधी कळते?
२. हत्यारे, माल, वेळ, जागा, प्रकाश पुरेसे आहेत का? लेखी पद्धत हाताशी आहे का, आणि ती त्याला वाचता येणाऱ्या भाषेत आहे का?
३. चांगले काम केल्याने त्याचे काही भले होते का? की लवकर संपवणाऱ्याच्या गळ्यात दुसऱ्याचे कामही पडते?
४. त्याला ते काम येते का?
५. शरीराने, नजरेने, वेगाने ते त्याला झेपण्यासारखे आहे का? भरतीच चुकली आहे का?
६. त्याला ते करावेसे वाटते का?

प्रशिक्षणाचे औषध फक्त चौथ्या प्रश्नावर लागू पडते. चौथ्याचा निकाल लावायला एक कसोटी आहे: पोटावर पाय येणार असता, तर त्याने हे काम बरोबर केले असते का? उत्तर ‘हो’ असेल तर त्याला काम येते, आणि वर्ग भरवून काही साधणार नाही.

तिसरा प्रश्न नवखे लोक टाळतात, कारण त्याचे उत्तर वरिष्ठांना आवडत नाही. तरी विचारा. कंत्राटी आणि कायम कामगार एकाच लाइनवर, एकच काम, वेगळ्या पगारात करत असतील, तर ते अहवालात लिहिले पाहिजे. तिथे वर्ग घेणे म्हणजे त्या माणसांचा वेळ घेऊन त्यांनाच दोष देणे होय.

एक उदाहरण शेवटपर्यंत

समजा, किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात एका खोलीच्या सफाईला ३० मिनिटे ठरलेली आहेत. एका माणसाला दिवसाला १४ खोल्या, म्हणजे ४२० मिनिटे. उरलेला तास जेवण, चहा आणि ट्रॉली भरण्यासाठी. प्रत्यक्षात सरासरी ४२ मिनिटे लागतात आणि दुपारी दोनला आलेले पाहुणे लॉबीत बसून राहतात. मागणी येते: वीसही जणांना दिवसभराचे ट्रेनिंग द्या.

आधी घड्याळ घेऊन मागे फिरा. निदान ३० खोल्या मोजा, वेगवेगळ्या मजल्यांवर, वेगवेगळ्या दिवशी, चेकआउटच्या आणि राहत्या खोल्या वेगळ्या मांडून. सांगून मोजा. लपून मोजलेले कळले की विश्वास जातो आणि पुढे कोणी खरे बोलत नाही. पहिले दोन-तीन दिवस माणसे मुद्दाम जपून किंवा घाईने काम करतात, ते आकडे सोडून द्या.

समजा, त्या ४२ मिनिटांची फोड अशी निघाली: प्रत्यक्ष सफाई २९, चादरी-टॉवेलांसाठी खाली-वर ६, खोली रिकामी झाली की नाही हे कळायची वाट ४, बंद दिवे-गळके नळ कळवण्यात ३. सफाई ठरलेल्या वेळेतच होते आहे. जादा मिनिटे सगळी बाहेरची आहेत.

आता एकेक धागा ओढा. चादरी का नाहीत? हॉटेलात कापड ‘पार’मध्ये मोजतात: तीन पार म्हणजे एक जोड पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. धुलाई बाहेर दिलेली असेल आणि पावसाळ्यात ती एकाऐवजी दोन दिवसांनी परत येत असेल, तर तीन पार पुरत नाहीत. कपाटातला जोड संपतो आणि माणूस मजले हिंडत राहतो. उपाय म्हणजे चौथा पार, किंवा धुलाईवाल्याशी परतीच्या वेळेचा करार. खोली रिकामी झाल्याचे का कळत नाही? फ्रंट ऑफिस ते कॉम्प्युटरवर टाकते आणि मजल्यावर कॉम्प्युटर नाही. इथे ठरलेल्या वेळी सुपरवायझरच्या मोबाइलवर यादी आली की पुरे.

मग वेगळे आकडे पाहा. वीसपैकी पाच जण नवे आहेत आणि त्यांची प्रत्यक्ष सफाई २९ नव्हे, ३८ मिनिटांची आहे. प्रशिक्षण यांना हवे. वीस जणांचे सहा तास म्हणजे १२० मनुष्यतास, पाच जणांचे सहा तास म्हणजे ३०. व्यवस्थापकापुढे हा हिशोब ठेवा. ९० तास वाचले आणि कारणही सापडले, हे त्याला लगेच समजते.

अहवाल एका पानाचा असावा. वर अडचण आकड्यांत, मग कारणे वजनाच्या क्रमाने, मग प्रत्येक उपायाचा खर्च, जबाबदार माणूस आणि तारीख. ज्यांच्या विभागाचे नाव त्यात येते, त्यांना अहवाल वर जाण्याआधी दाखवा. फ्रंट ऑफिसच्या मॅनेजरला आपली चूक बैठकीत पहिल्यांदा कळली, तर तो उपाय कधीच अमलात येत नाही.

औषध कंपन्यांतला सापळा: ‘मानवी चूक’

औषधनिर्मितीत प्रशिक्षण कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडची सुधारित अनुसूची एम, म्हणजे औषधे कशी बनवावीत याचे नियम, आणि निर्यातीसाठी परदेशी नियामकांचे नियम, दोन्हीकडे प्रशिक्षणाच्या नोंदी मागतात. त्यामुळे कागद भरपूर असतो. नवी एसओपी, म्हणजे काम करण्याची ठरलेली लेखी पद्धत, आली की ‘वाचली व समजली’वर सही, आणि एकाच माणसाच्या एकाच दिवशी दहा-बारा एसओपींवर सह्या. तपासणीला आलेला अधिकारी त्या तारखा पाहतो आणि लाइनवरच्या माणसाला साधा प्रश्न विचारतो. उत्तर आले नाही तर सही कामाची राहत नाही.

त्याहून मोठा धोका विचलनाच्या, म्हणजे ठरलेल्या पद्धतीपासून काम भरकटल्याच्या, तपासात आहे. कारण: मानवी चूक. उपाय: पुनर्प्रशिक्षण. फाइल बंद. तीन महिन्यांनी तीच चूक पुन्हा होते. लाइन क्लिअरन्सचे, म्हणजे नवी बॅच सुरू करण्याआधी लाइनवर जुने काही उरले नाही ना हे तपासण्याचे, पाहा. मागच्या बॅचचे एक लेबल मशीनखाली राहिले. माणसाला तपासायचे कसे हे माहीत होते, पूर्वी शेकडो वेळा केलेही होते. मग त्या वेळी का सुटले? बॅच पाळी बदलताना संपली, बसची घाई होती, मशीनखाली प्रकाश कमी आहे, आणि यादीत चाळीस बाबी असल्याने सगळीकडे एकदम टिक मारली जाते. उपाय म्हणून खाली दिवा बसवा, लेबल अडकू शकणाऱ्या जागा रंगवून क्रमांक द्या, आणि क्लिअरन्स पाळी संपण्याच्या शेवटच्या अर्ध्या तासात सुरू करू नका. तपासाच्या अर्जावर ‘मानवी चूक’ लिहायची वेळ आली, तर तिच्याखाली “ती चूक करणे सोपे का होते?” ही ओळ स्वतः घाला.

शिकवायचेच असेल तेव्हा

हाताने करायच्या कामासाठी १९४० च्या दशकात अमेरिकेत युद्धकाळातल्या कारखान्यांसाठी बसवलेली चार टप्प्यांची पद्धत अजूनही सर्वांत खात्रीची आहे. माणसाला तयार करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर पाठपुरावा करा.

त्याआधी कामाची फोड लिहून काढा. तीन रकाने पुरतात: मुख्य टप्पा, त्यातली खुबी, आणि खुबीचे कारण. एका फोडीत पाच ते आठ टप्पे असावेत. जास्त झाले तर काम दोन भागांत तोडा. कारणाचा रकाना रिकामा सोडू नका. “हातमोजे घातल्यावर बाही वर ओढू नये” एवढेच सांगितले तर माणूस चार दिवसांत विसरतो. “बाही ओढली की उघडी त्वचा निर्जंतुक भागात जाते” हे कळले तर लक्षात राहते.

दाखवताना तीनदा दाखवा. पहिल्यांदा टप्पे, दुसऱ्यांदा टप्प्यांसह खुबी, तिसऱ्यांदा कारणेही. मग त्याला करू द्या आणि करता करता बोलायला सांगा. हात बरोबर चालले आणि तोंडाने कारण चुकीचे आले, तर काम अजून आलेले नाही. गट सहा ते आठ जणांचा, सत्र ४५ मिनिटांचे, त्यातला दोन-तृतीयांश वेळ त्यांच्या हातात. पाठपुरावा दुसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि महिन्याने, त्यांच्याच जागेवर.

त्या गटाचा सुपरवायझर पहिल्या सत्राला हवाच. तो नसेल तर दुसऱ्याच दिवशी लाइनवर “ते राहू दे, इथे असे करतात” हे वाक्य येते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

भाषेबद्दल निक्षून सांगतो. गोव्यातल्या एका लाइनवर कोकणी बोलणारा सासष्टीचा, मराठीत वाचणारा पेडणे-सत्तरीचा किंवा सावंतवाडी-दोडामार्गहून रोज येणारा, कन्नड बोलणारा आणि हिंदी पट्ट्यातून आलेला, असे सगळे असतात. इंग्रजी स्लाइड लावून हिंदीत बोलणे ही सोय प्रशिक्षकाची असते. तोंडी शिकवणे कोकणीत आणि हिंदीत, लेखी पत्रक चित्रांचे आणि कमीत कमी मजकुराचे ठेवा. परीक्षा कागदावर न घेता हातांची घ्या.

तारखाही जपून निवडा. हॉटेलांचा हंगाम ऑक्टोबरपासून, म्हणून मोठे प्रशिक्षण जून ते ऑगस्टमध्ये उरका. चवथीच्या आठवड्यात आणि नाताळात काहीही ठेवू नका. पाळी संपल्यावर सत्र ठेवले तर कंपनीची बस सुटते. बांद्याला जाणारा माणूस तासभर तुमच्यापुढे बसेल, पण त्याचे लक्ष घड्याळाकडे असेल. सत्र पाळीच्या आत घ्या, नाहीतर ओव्हरटाइम आणि परतीच्या गाडीची सोय आधी मंजूर करून घ्या.

उपयोग झाला हे कसे कळणार

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेल्या चार पातळ्या सगळीकडे वापरतात: आवडले का, शिकले का, कामात वापरले का, परिणाम दिसला का. बहुतेक ठिकाणी पहिल्या पातळीचा अभिप्राय अर्ज भरून घेतात आणि थांबतात. जेवण चांगले असेल तर गुण चांगले येतात. तुम्ही उलट्या टोकापासून सुरू करा. आधी परिणामाचा आकडा ठरवा, मग तो येण्यासाठी कामात काय बदलायला हवे, मग त्यासाठी काय शिकायला हवे.

सुरुवात करण्याआधीचे किमान चार आठवड्यांचे आकडे हातात असू द्या. नंतर ते कोणी गोळा करू देत नाही. गोव्यात एक चूक वारंवार होते: ऑगस्टमध्ये प्रशिक्षण आणि डिसेंबरच्या तक्रारींशी तुलना. हॉटेल भरले की तक्रारी वाढणारच. डिसेंबरची तुलना गेल्या डिसेंबरशी करा आणि तक्रारी दर शंभर भरलेल्या खोल्यांमागे मोजा. शक्य असेल तर एका मजल्यावर बदल करा, दुसऱ्यावर महिनाभर करू नका, आणि दोन्हींचे आकडे शेजारी मांडा.

प्रमाणपत्रे आणि स्वतंत्र काम

इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट ही १९७० ची संस्था नोकरी सांभाळून करता येईल असा प्रशिक्षण व विकासाचा डिप्लोमा देते. आयटीआयमध्ये निदेशक व्हायचे असेल तर एक वर्षाचा क्राफ्ट इन्स्ट्रक्टर अभ्यासक्रम लागतो. एक्सेल नीट येणे, विशेषतः पिव्होट टेबल आणि साधे आलेख, यांचा उपयोग अनेक प्रमाणपत्रांपेक्षा लवकर होतो.

स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांना कायद्यामुळे निघणारी मागणी सुरुवातीला आधार देते. अन्नसुरक्षेच्या फॉस्टॅक योजनेत दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक अपेक्षित आहे, आणि गोव्यात हॉटेले-उपाहारगृहे किती आहेत ते सांगायला नको. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार मालकाने जागृती कार्यक्रम घ्यावे लागतात. तीस किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात, त्यांनाही कोणीतरी शिकवावे लागते. या कामांतून ओळख होते. त्याच भेटीत व्यवस्थापकाला विचारा की सध्या कोणता आकडा त्याला सर्वांत जास्त सतावतो.

दर सांगताना तपास आणि प्रशिक्षण यांचे पैसे वेगळे लिहा. प्रस्तावात पहिला टप्पा पाहणीचा ठेवा: पाच ते सात दिवस, तिन्ही पाळ्या, एका पानाचा अहवाल, त्याचे ठरलेले मानधन. दुसरा टप्पा अहवालानंतरच ठरेल, आणि त्यात प्रशिक्षण असेलच असे नाही, हेही लिहा. सगळे पैसे वर्गाच्या तासांवर बांधले, तर “इथे वर्गाची गरज नाही” हे सांगताना तुमचेच उत्पन्न बुडते. मागचे तीन महिन्यांचे आकडे आणि मजल्यावर फिरायची परवानगी मिळेल, ही अट कामाच्या पत्रातच घालून घ्या.